स्वस्तातलं कार नेव्हिगेशन यंत्र घ्यावं का? घेणाऱ्यांचे अनुभव काय सांगतात, पैसे टाकण्याआधी काय तपासायचं

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेलं एक कुटुंब मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात जाऊन अडकलं. फोनला रेंज नाही, रात्र गाडीतच काढावी लागली. शेवटी सुमारे चार किलोमीटर चालत गेल्यावर नेटवर्क मिळालं, ११२ क्रमांक लागला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं.

अशी बातमी आली की बेळगाव, सावंतवाडी, फोंड्याकडची माणसं एकच प्रश्न विचारतात: मोबाइलपेक्षा गाडीत वेगळं नेव्हिगेशन यंत्र लावलेलं बरं का? चोर्ला, अनमोड, आंबोली या घाटांत रेंज मध्येच जाते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यातच ऑनलाइन दुकानांत सात इंची स्क्रीनची बिननावाची यंत्रं नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिसतात. ‘लाइफटाइम मॅप फ्री’ असं वर लिहिलेलं असतं.

थोडक्यात उत्तर असं: उपग्रहाचा सिग्नल महागड्या आणि स्वस्त यंत्राला सारखाच फुकट मिळतो. पैसे खरे मोजायचे असतात ते आतल्या नकाशाचे. स्वस्त यंत्र घेऊन पस्तावलेल्यांच्या तक्रारी पाहिल्या, तर बहुतेक तक्रारी उपग्रहाच्या नसतात. त्या जुन्या नकाशाच्या, नावं न सापडण्याच्या, स्टँड पडण्याच्या आणि वस्तू परत न घेण्याच्या असतात.

हे यंत्र म्हणजे नेमकं काय?

काचेला किंवा डॅशबोर्डला चिकटवायचा छोटा पडदा, आत जीपीएस रिसीव्हर, मेमरीत भरलेला नकाशा आणि वळण सांगणारा आवाज, एवढाच हा मामला. सिम कार्ड लागत नाही, डेटा पॅक लागत नाही.

२००४-०५ च्या सुमारास टॉमटॉमचं ‘गो’ आणि गार्मिनचं ‘नुवी’ बाजारात आलं आणि परदेशात ही यंत्रं घरोघरी पोचली. भारतात १९९५ साली सुरू झालेल्या मॅपमायइंडियाने आणि हैदराबादच्या सॅटनॅव्ह टेक्नॉलॉजीजने ‘सॅटगाइड’ या नावाने देशी नकाशे असलेली उत्पादनं आणली. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर फुकट नेव्हिगेशन जाहीर केलं आणि या धंद्याला उतरती कळा लागली. मोठ्या कंपन्यांनी आपली यंत्रं महागड्या गिऱ्हाइकांकडे वळवली. खालची मोकळी झालेली जागा बिननावाच्या चिनी यंत्रांनी भरली.

या यंत्रांत बऱ्याचदा विंडोज सीई ही जुनी प्रणाली, १२८ किंवा २५६ एमबी रॅम आणि ८ जीबीची मेमरी असते. रस्ता दाखवायला एवढं पुरतं. पण मोबाइलची सवय असलेल्या माणसाला ते संथ वाटतं. नकाशा मोठा-छोटा करताना पडदा अडखळतो, लांबचा मार्ग काढायला वेळ लागतो. हा बिघाड नाही, त्या किमतीतल्या यंत्राची कुवतच तेवढी.

‘सुरूच होत नाही’: पहिल्या दिवसाची तक्रार

यंत्र घरी आलं, हॉलमध्ये बसून चालू केलं, अर्धा तास झाला तरी जागा दाखवेना. ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि यात बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. यंत्राला आपली जागा काढायला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. हे सिग्नल इतके क्षीण असतात की स्लॅबखाली ते पोचतच नाहीत. शिवाय कोणता उपग्रह नेमका कुठे आहे ही माहितीही यंत्राला उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावी लागते. एका उपग्रहाची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितली जाते आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइल हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो, म्हणून तो पटकन जागा दाखवतो.

त्यामुळे पहिल्यांदा यंत्र चालू करताना गाडी मोकळ्या आभाळाखाली उभी करा आणि पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. दुसऱ्या दिवसापासून ते मिनिटभरात लागायला हवं. मोकळ्या मैदानातही रोज दहा मिनिटं लागत असतील, तर मात्र रिसीव्हर किंवा अँटेना कमजोर आहे, यंत्र परत करा. काचेला धातूचा थर असलेली फिल्म असेल तर सिग्नल अडतो, हेही तपासून घ्या.

नकाशा कोणत्या देशाचा आणि कोणत्या साली?

अमेरिकेतून किंवा युरोपातून भावाने, मेहुण्याने आणलेलं यंत्र इथे चालू केलं की पडद्यावर कोऱ्या कागदावर गाडीचं चिन्ह फिरतं. उपग्रह जगभर चालतात, पण आत नकाशा मात्र तिकडचा भरलेला असतो. भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि बिननावाच्या यंत्राला तो अधिकृतपणे मिळेलच असं नाही. असे कितीतरी ‘गिफ्ट’ कपाटात पडून आहेत.

भारताचा नकाशा असला तरी तो किती जुना, हा पुढचा प्रश्न. विक्रेता ‘लेटेस्ट’ म्हणतो, पण तारीख सांगत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. अलीकडे सुरू झालेली ठिकाणं आणि रस्ते यंत्रात शोधून पाहा:

- मांडवीवरचा पणजीचा नवा पूल, अटल सेतू: जानेवारी २०१९
- समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा: डिसेंबर २०२२
- मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ: उद्घाटन डिसेंबर २०२२, विमानसेवा जानेवारी २०२३
- मुंबईचा शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू: जानेवारी २०२४
- दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा वडोदरा-भरूच टप्पा: फेब्रुवारी २०२४

मोपा विमानतळ सापडला नाही, तर नकाशा बहुधा २०२२च्या आधीचा. गोव्यात विमानतळ विचारल्यावर ते सगळ्यांना दाबोळीलाच नेईल, आणि मोप्याचं विमान पकडायचं असेल तर विमान गेलंच म्हणून समजा.

रस्त्याचे क्रमांक हीसुद्धा चांगली खूण आहे. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. पुणे-कोल्हापूर-बेळगाव रस्ता पूर्वी ४ होता, तो आता ४८. कोकण-गोव्याचा १७ आता ६६ झाला. बेळगाव-पणजीचा ४ए आता ७४८, आणि सोलापूरहून हैदराबादला जाणारा ९ आता ६५. यंत्र अजून जुने आकडे दाखवत असेल, तर रस्त्यावरची पाटी आणि पडदा यांचा मेळ बसणार नाही.

‘लाइफटाइम अपडेट’ या शब्दांवरही फार विसंबू नका. तिथे आयुष्य ग्राहकाचं धरलेलं नसतं. कंपनी ते मॉडेल चालू ठेवेल आणि तिला नकाशे मिळत राहतील तोवरच ते आयुष्य. बिननावाच्या यंत्रात नकाशाचं सॉफ्टवेअर परवाना नसलेली नक्कल असण्याचीही शक्यता असते. तशा वेळी अपडेट कधीच येत नाही. घेण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारा: नकाशा कोणत्या कंपनीचा? कोणत्या महिन्याचा? पुढचा अपडेट कुठून आणि कसा मिळेल? उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

नाव टाकताना होणारा घोळ

सीमाभागातल्या माणसाला पडणारा हा खास त्रास. यंत्रात नाव इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं आणि आपल्या गावांची स्पेलिंग एकसारखी नाहीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं नाव बेळगावी झालं, पण जुन्या नकाशात जुनंच नाव असतं. एकाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधायचं. पणजी-पंजिम, मडगाव-मारगाव, बडोदा-वडोदरा अशा जोड्या तोंडपाठ असल्या तर काम सोपं होतं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं तर आणखी अलीकडची. जुन्या यंत्रात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर टाकल्याशिवाय काही मिळत नाही.

त्याहून धोक्याचं म्हणजे एकाच नावाची दोन गावं. गोव्यातला फोंडा आणि कणकवली तालुक्यातला फोंडाघाट. बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर आणि सांगली जिल्ह्यातलं खानापूर. शिरोली नावाची गावं तर किती, याला मोजदाद नाही. यादीतलं पहिलं नाव घाईत दाबलं आणि शंभर किलोमीटर उलट्या दिशेला गेलं, असं होऊ शकतं. निघण्यापूर्वी पडद्यावर अंतर किती दाखवतं ते पाहायचं. बेळगावहून गोव्याच्या फोंड्याचं अंतर मनात अंदाजे असतंच, आकडा वेगळा दिसला की थांबायचं.

स्वस्त यंत्रांत घर नंबर, गल्ली, छोटी वाडी बहुधा मिळत नाही. अशा वेळी अक्षांश-रेखांश टाकण्याची सोय उपयोगी पडते. ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांच्याकडून मोबाइलवर लोकेशन मागवा, त्यातले आकडे यंत्रात टाका, नावाचा प्रश्नच उरत नाही. ही सोय यंत्रात आहे का, हे घेतानाच पाहा.

पडदा, आवाज, बॅटरी, स्टँड

पडदा: कमी किमतीच्या यंत्रात दाबावा लागणारा जुन्या पद्धतीचा टचस्क्रीन असतो. नुसतं बोट टेकवून भागत नाही, नखाने किंवा काडीने दाबावं लागतं. दुपारच्या उन्हात अशा पडद्यावर काहीच दिसत नाही, अशीही तक्रार असते. वर सावलीसाठी छज्जासारखी पट्टी येते, ती असलेली बरी.

आवाज: वळणाच्या सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत मिळतात. मराठी आवाज आहे असं जाहिरातीत असेल, तर तो फक्त ‘डावीकडे वळा, उजवीकडे वळा’ एवढाच आहे की रस्त्याचं नावही सांगतो, ते ऐकून घ्या. टेम्पोत, जीपमध्ये इंजिनाच्या आवाजात छोटा स्पीकर ऐकूच येत नाही. काही यंत्रांत एफएम ट्रान्समीटर असतो, त्यामुळे आवाज गाडीच्या रेडिओवर घेता येतो.

बॅटरी: आतली बॅटरी अगदी छोटी असते. ती पेट्रोल भरेपर्यंत किंवा चहा पिऊन येईपर्यंत यंत्र जागं ठेवण्यासाठी, प्रवासासाठी नाही. यंत्र कायम गाडीच्या चार्जरलाच जोडून ठेवायचं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर तापतो. तिथेच ठेवलेल्या यंत्राची बॅटरी फुगते आणि मागचं झाकण उचललं जातं. गाडी उभी केली की यंत्र काढून घ्यायचं. चोरीचाही धोका त्यामुळे टळतो.

चार्जर: कारची बॅटरी १२ व्होल्टची, बहुतेक ट्रक आणि बसची २४ व्होल्टची. सोबत आलेला चार्जर दोन्हींना चालतो का, हे त्याच्यावर छापलेलं असतं. फक्त १२ व्होल्ट लिहिलेला चार्जर ट्रकला लावला तर यंत्र जळू शकतं.

स्टँड: रबरी चकती काचेला धरत नाही, खड्ड्यात यंत्र खाली येतं, ही जवळपास प्रत्येकाची तक्रार. काच आधी पुसून कोरडी करा, चकती किंचित ओली करून बसवा. तरी पडत असेल तर बाजारातला मोबाइलचा चांगला स्टँड बसतो का पाहा. यंत्र समोरचा रस्ता झाकेल असं किंवा एअरबॅगच्या झाकणावर लावू नका.

चुकीच्या वाटेला का नेतं?

यंत्राला ‘सगळ्यात जवळचा रस्ता’ असं सांगून ठेवलं असेल, तर ते दोन किलोमीटर वाचवायला शेताच्या बांधावरूनही नेतं. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ‘जवळचा’ऐवजी ‘वेगवान’ मार्ग निवडा आणि कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू करा. इतक्या एका बदलाने निम्मी डोकेदुखी जाते.

वाहनाचा प्रकारही पाहा. कारचा नकाशा पुलाची उंची, वजनाची मर्यादा, अवजड वाहनांची बंदी ओळखत नाही. ‘ट्रक मोड’ असलेली यंत्रं मिळतात, पण भारताच्या नकाशात ही माहिती भरलेली नसेल तर ते बटण नुसतं शोभेचं.

आणि एक गोष्ट कोणत्याच साठवलेल्या नकाशाला कळत नाही: आज रस्ता बंद आहे का. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक गाडी गेली आणि गाडीतल्या एकाचा जीव गेला. नकाशाच्या दृष्टीने तिथे पूल होता, आणि तो खरंच होता, पण पाण्याखाली. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, ओढ्यावरचा फरशी पूल बुडतो, प्रशासन अवजड वाहतूक बंद करतं. इंटरनेट नसलेल्या यंत्राला यातलं काही समजत नाही. रेंज गेल्यावर रस्ता दाखवणं ही या यंत्राची जमेची बाजू, पण ताजी खबर न मिळणं हीच त्याची उणीव. घाट चढण्याआधी चेकपोस्टवर किंवा टपरीवर विचारून घेण्याला अजून पर्याय नाही.

जुनं, वापरलेलं यंत्र घेताना

रविवारच्या बाजारात किंवा ओळखीतून जुनं यंत्र स्वस्तात मिळतं. ते चालू करून आधी तारीख पाहा. जीपीएस आठवडे मोजतं, आणि मूळ सिग्नलमधला हा मोजणीचा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असं ६ एप्रिल २०१९च्या रात्री घडलं. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर त्यासाठी तयार नव्हतं, त्यांतली काही वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागली. रस्ता कदाचित बरोबर दिसेल, पण पोचण्याची वेळ आणि रात्री-दिवसाचा पडदा यांचा गोंधळ होतो. अपडेट निघाला नसेल तर तो दुरुस्त होत नाही.

चालू यंत्र हातात आलं की मेमरीतला सगळा नकाशा एकदा कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. स्वस्त यंत्राचं मेमरी कार्ड बिघडलं तर विक्रेत्याकडून फाइल परत मिळण्याची खात्री नसते.

कायदा काय म्हणतो?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे पत्ता टाकायचा तो गाडी उभी करून.

आणखी एक शंका विचारली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेला जीपीएसचं उपकरण जवळ बाळगल्याबद्दल अडवलं होतं, मग गाडीतल्या यंत्राचं काय? ते उपकरण उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं होतं आणि अशा उपकरणांना भारतात परवानगी लागते. गाडीचं साधं नेव्हिगेशन यंत्र उपग्रहाचं फक्त ऐकतं, त्याला काही पाठवत नाही. पण परदेशातून कोणी काही आणणार असेल, तर त्यात उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.

परत करायचं झालं तर

विक्रेता दिल्लीचा, ग्राहक बेळगावचा किंवा इंदूरचा, मग भांडायचं कुठे? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण बरीच सोडवली आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहावा.

ऑनलाइन विकणाऱ्यांना २०२०च्या नियमांनुसार वस्तू कोणत्या देशात बनली ते सांगावं लागतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत उत्तर द्यायचं असतं. बाहेरून आलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असणं बंधनकारक आहे. तो नसेल, तर वॉरंटीचा कागद असून उपयोग नाही. म्हणून खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा, बिल जपा, ‘भारताचा अद्ययावत नकाशा’ असं लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पाहून त्या मुदतीतच घाटात एक फेरी मारून या. दिवाळीच्या प्रवासासाठी घेऊन ठेवलेलं यंत्र दिवाळीतच उघडलं, तर मुदत निघून गेलेली असते.

मग घ्यावं की नको?

ज्याच्याकडे बरा मोबाइल आहे आणि जो महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा बाहेरगावी जातो, त्याला बिननावाच्या यंत्राची गरज नाही. मोबाइलवर त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करता येतो आणि तो रेंज नसतानाही चालतो. एक मजबूत स्टँड आणि चांगला चार्जर एवढा खर्च पुरे. भीमगडसारख्या ठिकाणी जवळ साठवलेला नकाशा असला, तर निदान आलेली वाट मागे कशी गाठायची हे तरी कळतं.

ज्यांचा फोन दिवसभर गिऱ्हाइकांच्या कॉलवर असतो असे टॅक्सीवाले, बदलत्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देणारे मालक, लहान पडद्यावर न दिसणारे ज्येष्ठ आणि सतत राज्याबाहेर फिरणारे, यांना वेगळं यंत्र सोयीचं पडतं. त्यांनी भारतात सेवा देणाऱ्या आणि नकाशाची तारीख छापणाऱ्या कंपनीचं घ्यावं, भले पडदा सातऐवजी पाच इंची मिळाला तरी चालेल. स्वस्तातलंच घ्यायचं ठरलं, तर मोपा शोधून पाहायचा, फोंड्याचं अंतर पाहायचं, चार्जरवरचे व्होल्ट वाचायचे, आयात करणाऱ्याचा पत्ता बघायचा. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांचं हे काम आहे. आणि कोणतंही यंत्र घेतलं तरी घाटात शिरताना पेट्रोल, पाणी आणि ११२ हा क्रमांक जवळ असू द्यावा.